छगन पट्टेवाल्याची चित्रं

चोपडा, १९ जून २०२३

भाऊ,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट बाजूला टाकशील, म्हणून वरचा पत्ता झुलालभाऊंकडून लिहून घेतला आहे. झुलालभाऊ आमच्या वाचनालयाचे शिपाई. त्यांनी 'अ‍ॅडव्होकेट' लिहिताना दोनदा खाडाखोड केली, ते समजून घे.

नऊ वर्षांत मी तुला एकच फोन केला, आबा गेले त्या सकाळी. तू धुळ्याहून आलास, खांदा दिलास आणि घोटभर पाणी न घेता गाडीत बसलास. त्याबद्दल आज काही लिहीत नाही. काम आहे म्हणून लिहिते आहे.

आबांची चित्रं ज्या खोलीत आहेत तिचं छत गळतंय. दुरुस्तीसाठी मी कार्यकारिणीला अर्ज दिला. नव्या मंडळींना काहीच माहीत नाही, म्हणून पहिल्यापासून लिहावं लागलं. ते तसंच उतरवते : 'छगन आबा एकतीस वर्षं जळगावच्या कोर्टात पट्टेवाले होते. दारात उभं राहून ते पुकारा करत. पुकारा आणि पुकारा यांच्या मधल्या वेळात, व्हरांड्यात तारखेसाठी बसलेली माणसं ते रद्द कागदांच्या पाठीवर बॉलपेनानं आणि शिक्क्याच्या शाईनं काढत. चित्राच्या मागे माणसाचं नाव, गाव आणि कितवी तारीख तेवढं लिहीत. अशी तीनशे अठरा चित्रं त्यांनी २०११ साली या वाचनालयाला, म्हणजे गावाला दिली.'

परवाच्या बैठकीत अध्यक्ष हितेंद्रशेठ म्हणाले, "ताई, तुमच्या वडिलांबद्दल मला आदर आहे. पण मागच्या महिन्यात वरच्या खोलीत किती लोक आले, सांगा."

मी म्हटलं, "चार."

"आणि जिन्यावर बसून भरतीचा अभ्यास करणारी पोरं रोज साठ. आता मी जागा कोणाला देऊ?"

त्यांचं खोटं नव्हतं, भाऊ. पोरं खरंच जिन्यावर बसतात. मीच त्यांना ओलांडून वर जाते.

दानपत्र तू केलं होतंस. त्यातलं चौथं कलम आठव : चित्रं लोकांना बघता येतील अशा जागीच ठेवावीत. तुझ्या लेटरहेडवर चार ओळी आल्या तर ही मंडळी थांबतील. माझ्या अर्जानं थांबणार नाहीत.

तुझी तब्येत कशी आहे? वहिनींना नमस्कार.

चारू


चोपडा, ८ ऑगस्ट २०२३

भाऊ,

तुझं उत्तर मिळालं. टाइप केलेलं, खाली शिक्का. सख्ख्या बहिणीला शिक्का!

'चित्र क्रमांक २०७ संग्रहातून कायमचे काढल्यास विचार करता येईल.' एवढंच. नऊ वर्षांपूर्वी फोनवर जे बोललास तेच, फक्त आता शुद्ध भाषेत.

त्याआधी इथलं सांगते. चौदा जुलैला मी वर गेले तेव्हा झुलालभाऊ दारातच उभे होते. म्हणाले, "ताई, बठ्ठं वलं व्हई गयं." सगळं नव्हतं झालं, पण पाचवी आणि सहावी पेटी पूर्ण भिजली होती. आम्ही दोघांनी खालच्या वाचन कक्षातली टेबलं जोडली, टिपकागद अंथरले आणि एकेक चित्र सुटं करायला बसलो. ते कागद मुळात हलके, सायक्लोस्टाईलचे. सुकले की पापडासारखे मोडतात, भिजले की हाताला लगदा लागतो. बॉलपेन टिकतं. शिक्क्याची शाई टिकत नाही. एका म्हाताऱ्याचं चित्र होतं, घरून तांब्या घेऊन येणाऱ्या, तुला आठवत असेल. माझ्या डोळ्यांदेखत त्याचा चेहरा उतरला आणि जांभळं पाणी टेबलाच्या कडेनं खाली गेलं. त्रेचाळीस चित्रं गेली. पुण्याच्या सात दिवसांच्या शिबिरात शिकले ते सगळं करून पाहिलं, तांदळाची खळ, जपानी कागद, दोन काचांमध्ये दाबून ठेवणं. त्रेचाळीस गेलीच.

आता २०७.

तू फोनवर म्हणाला होतास की मी घरातल्या माणसाला बाजारात टांगलं. मी रावेरच्या आठवडे बाजारात वीस चित्रं दोरीला चिमटे लावून टांगली होती, हे खरं. दर महिन्याला कुठल्या तरी बाजारात टांगायचे. वाचनालयाच्या जिन्यावर न चढणारी माणसं बाजारात थांबत. "हा तर आमचा लोटनमामा!" म्हणून एका बाईनं चित्राला हात लावला होता. पुष्कळ जण मला कोर्टाची माणूस समजून पिशवीतून स्वतःचे कागद काढत आणि विचारत, "ताई, आमचं कधी लागंल?"

त्या विसांत २०७ होतं. चित्रात एक बाई टेबलाशी उभी आहे, शाईच्या डबीजवळ तिचा अंगठा, आणि तिचं मनगट धरून तो अंगठा कागदावर नेणारा वकील. मिशी, खिशाला दोन पेनं. चेहरा तुझा. खाली मी चिठ्ठी लावली होती : 'रावेर तालुक्यातली एक विधवा, २००६.' तुझं नाव नव्हतं. तुझ्या एका मित्रानं मोबाईलवर फोटो काढून तुला पाठवला आणि तू म्हणालास, ते फाड, नाहीतर माझं तोंड बघू नकोस.

मी तेव्हा फाडलं नाही. आता काढणारही नाही. आबांनी तीनशे अठरा माणसं काढली. त्यातली तीनशे सतरा परकी असली तर चालतात आणि एक आपला निघाला की संग्रह खोटा, असं मला म्हणता येणार नाही.

चारू


चोपडा, २ ऑक्टोबर २०२३

भाऊ,

२०७ आता नाही. पाचव्या पेटीतच होतं, ओलाव्यानं गेलं. यादीतून नाव कमी केलं आहे, यादीची प्रत सोबत जोडते.

आता चार ओळी लिही.

चारू


चोपडा, २१ जानेवारी २०२४

भाऊ,

तुझ्या पत्रामुळे खोली मार्चअखेरपर्यंत राहिली. हितेंद्रशेठनी ते पत्र बैठकीत उभं राहून वाचलं. छतावर ताडपत्री टाकली. मी आभाराचं कार्ड पाठवलं होतं, मिळालं असेल.

मी तुझ्याशी खोटं बोलले. २०७ गेलेलं नाही. ते माझ्या घरी ट्रंकेत आहे, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये. हे तुला कधीच कळलं नसतं. पण गेल्या मंगळवारी बेबाबाई आली.

तुला नाव आठवतं की नाही, मला माहीत नाही. मी चिठ्ठीवर 'एक विधवा' लिहिलं, तीच ती. रावेरहून दोन बसगाड्या बदलून एकटी आली. पासष्टीची असेल, सडपातळ, डोक्यावर पदर. साठ पोरं बसलेल्या जिन्यावरून "सरका रे बापाहो" म्हणत वर आली. टेबलावर केळीची एक फणी ठेवली आणि म्हणाली, "माहं चित्र काढेल आहे म्हने अथी, छगन पट्टेवाल्यानं."

मी तिला बसवलं, पाणी दिलं. तिनं सगळं सांगितलं. तिचा नवरा तोताराम केळीच्या पॅकिंग शेडमध्ये कामाला होता. केळी धुवायच्या हौदाच्या मोटारीचा शॉक लागून गेला. मालकानं सांगितलं, पिऊन आला होता. तिनं दावा केला. पाच वर्षं जळगावला येत राहिली.

"मले पैसा नव्हता पाह्यजे," ती म्हणाली. "माहा मानूस पेयेल नव्हता, तेव्हढं कोर्टानं लिहून द्यावं म्हनून मी गेली. शेवटच्या तारखेले वकीलसायेब म्हने, मावशी, आपन जिंकलो, लाव अंगठा. मी गावभर सांगलं. कोर्टानं लिहून देल आहे, तो पेयेल नव्हता."

आता तिच्या नातीच्या, सारिकाच्या, सोयरिकीची बोलणी चालू आहेत. मुलाकडच्या कोणीतरी विषय काढला, मुलीचा आजा दारूपायी गेला ना? घर पिणाऱ्यांचं आहे का? तिनं कोर्टाच्या कागदाचं सांगितलं. ते म्हणाले, दाखवा.

"कागद माह्याजवय नही. वकीलसायबानं देलाच नही, अन् मीबी मांगला नही. पन छगनभाऊ तथी दारात उभा व्हता. चित्रामांगे तो लिहे, असं बाजारात आयकलं. मले ते लिहेल पाह्यजे."

मी तिला म्हणाले, ते चित्र पावसात गेलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग पेट्यांकडे. "माहंच गेलं?" म्हणाली. मग उठली, "बरं" म्हणाली आणि पोरांमधून वाट काढत खाली गेली. केळी टेबलावरच राहिली.

मी तसं का म्हटलं ते तुला चांगलं कळेल. चित्र आहे असं बाहेर आलं की तुझं पत्र गेलं, खोली गेली. हे एक कारण. दुसरं कारण तुला सांगायला हवं. मी २०१४ साली रावेरच्या बाजारात ते चित्र टांगलं आणि तुझ्याशी भांडले, तेव्हा स्वतःला फार धीट समजले होते. पण चित्राची पाठ मी पुठ्ठ्यावर चिकटवून टाकली होती. मागचं आबांचं लिहिलेलं मी वाचलं होतं. दहा वर्षं मी ते कोणाला वाचू दिलं नाही. तुलासुद्धा नाही.

मागे असं आहे :

'बेबाबाई तोताराम. तारीख सदतिसावी. तडजोड. कागदात लिहिलं, मयत दारूच्या नशेत होता व चूक त्याची. बाईला वाचून दाखवलं नाही. वकील, माझा योगराज.'

चारू


चोपडा, ५ फेब्रुवारी २०२४

भाऊ,

काल चित्र घेऊन रावेरला गेले. पुठ्ठा सोडवायला दोन दिवस लागले, ओल्या बोळ्यानं जरा जरा करून. कागद एका कोपऱ्यात फाटला, अक्षर शाबूत आहे.

बेबाबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. मी आधी माफी मागितली, चित्र गेलं नव्हतं म्हणून सांगितलं. ती रागावली नाही. हात पदराला पुसले आणि चित्र घेतलं. खूप वेळ पाहत राहिली. "हे लुगडं निय्यं व्हतं," म्हणाली, म्हणजे निळं. "त्यानं बरोबर काढलं, किनार बी." तुझ्या चेहऱ्यावरून बोट फिरवलं, "हे सायेब." आणि मग कागद उलटा करून माझ्या हातात दिला. "वाच."

घरातून सारिका बाहेर येऊन उभी राहिली होती. नर्सिंगचा कोर्स करते. तिनं वाचलं असतं तरी चाललं असतं, पण बेबाबाईंनी कागद मला दिला होता.

एक ओळ गाळता आली असती, भाऊ. एक ओळ फिरवताही आली असती. पस्तीस वर्षं मी वाचनालयात काढली, न अडखळता वाचणं मला येतं. बाईला हवं होतं तेच वाचून दाखवलं असतं तर कोणाचं काय बिघडलं असतं? हे मी एस.टी.त बसल्यापासून ठरवत होते. ऐन वेळी होतं तसं वाचलं.

ती म्हणाली, "आखो वाच."

मी पुन्हा वाचलं.

सारिका आजीजवळ जाऊन बसली. बेबाबाई तिच्याशी बोलली नाही, माझ्याशीच बोलली. "म्हंजे माह्या अंगठ्यानंच मी त्याले बेवडा ठरवलं."

"तुम्हाला सांगितलं नव्हतं, मावशी. तुमची काय चूक?"

"छगनभाऊले माहीत व्हतं?"

"हो."

"मंग तो काहून बोलला नही?"

मी म्हणाले, ते पट्टेवाले होते. साहेबांसमोर तोंड उघडायची त्यांना सोय नव्हती. आणि वकील त्यांचाच मुलगा होता.

"चित्र काढाले हात व्हता, अन् बोलाले तोंड नव्हतं?"

मी गप्प बसले. आबा आयुष्यभर गप्प बसले तशी. बारा वर्षं मी ही चित्रं गावोगाव नेली. आबा कोर्टात असून अन्यायाच्या बाजूला नव्हते, असं दर ठिकाणी सांगितलं. वर्तमानपत्रात छापूनही आलं. कालपासून एकेक पेटी उघडून चित्रांच्या पाठी वाचते आहे. बहुतेकांच्या मागे फक्त नाव, गाव, तारीख आहे. पण हे धरून बत्तीस चित्रांच्या मागे असं काहीतरी आहे. कुणाचा साक्षीदार फिरवला, कुणाची फाइल मुद्दाम खाली ठेवली. आबांना सगळं दिसत होतं. ते संध्याकाळी घरी येऊन आपल्या दोघांना शेंगदाणे सोलून देत आणि विचारत, अभ्यास झाला का?

बेबाबाईंना घेऊन मी पुढच्या आठवड्यात जळगावला जाणार आहे. तुला एकच विचारते. तो तडजोडीचा कागद तिला वाचून दाखवला नव्हता, एवढं तू शपथेवर लिहून देशील का? बाकी तू काय केलंस, का केलंस, कोणाच्या सांगण्यावरून केलंस, मी विचारणार नाही. आबांनीही विचारलं नव्हतं, असं दिसतं.

चारू


चोपडा, १७ मार्च २०२४

भाऊ,

पाच फेब्रुवारीचं पत्र न उघडता परत आलं. या वेळी पत्ता मीच लिहिला होता, तिथे चुकलं. ते याच पाकिटात घातलं आहे.

जळगावला आम्ही दोन वेळा गेलो. मोहिनी म्हणून एक तरुण वकील आहे, वाचनालयाच्या एका जुन्या सभासदाची मुलगी. तिनं अर्ज करून चौकशी केली. निकाल लागलेली जुनी प्रकरणं नियमानं नष्ट करतात, त्यात हेही गेलं आहे. तडजोडीचा कागद आता कुठेच नाही.

बेबाबाईंनी विचारलं, "म्हंजे तो पेयेल व्हता हे लिहेल बी गेलं?"

मोहिनी म्हणाली, "हो मावशी. पण ते खोटं होतं असं लिहून मिळायचा रस्ताही गेला. त्या वेळच्या वकिलांनी शपथपत्र दिलं असतं तर मी प्रयत्न केला असता. टिकला असता असं नाही म्हणत."

"अन् हे चित्र?"

"चित्र पुराव्यात चालत नाही."

मग आम्ही व्हरांड्यात बसलो. माणसं तशीच बसलेली होती, पिशव्या मांडीवर घेऊन. आबांच्या जागी एक पोरगेलासा पट्टेवाला होता, पुकारा करत होता आणि मधल्या वेळात मोबाईल बघत होता.

सारिकाची सोयरीक जमली आहे. मे महिन्यात लग्न. बेबाबाईंनी मुलाकडच्यांना सांगितलं की मी स्वतः चोपड्याला जाऊन आले, कोर्टातल्या पट्टेवाल्याचं लिहिलेलं ऐकलं, त्यात लिहिलंय की माझा माणूस प्यायलेला नव्हता. त्यांनी मानलं. सारिकाला खरं माहीत आहे, तीही गप्प बसली.

"आता ते चित्र कोनाले दाखवू नको," बेबाबाई मला म्हणाली. "रावेरच्या बाजारात तं नकोच नको. गावाच्या लेखी आम्ही जिंकेल आहे. तसंच राहू दे."

मी विचारलं, "तुम्हाला हवं आहे का? तुमचंच आहे."

"घरात नको," ती म्हणाली. मग पदर सारखा करत म्हणाली, "फाडू बी नको."

तेव्हा तुझी अट पूर्ण झाली, भाऊ. २०७ संग्रहातून कायमचं गेलं. मी तुला नाही म्हणू शकले, तिला नाही म्हणता आलं नाही. आणि एकदा तिला हो म्हटल्यावर बाकीच्या एकतीस जणांचं काय करायचं, तेही मला कळत नाही. त्यांच्याही घरी कुणी काहीतरी सांगून ठेवलं असेल. दोरीला चिमटे लावून पुन्हा बाजारात उभी राहीन असं मला वाटत नाही.

खोली मार्चअखेरच्या आधीच रिकामी झाली. कार्यकारिणीनं पेट्या जिन्याखालच्या अडगळीत ठेवायचं ठरवलं, पाण्याच्या मोटारीशेजारी. मी विरोध केला नाही. झुलालभाऊंनी खाली विटा मांडून फळ्या टाकल्या, कडुनिंबाचा पाला भरला. तिथे उजेड नाही, ओल आहे. फार तर पाच-सहा पावसाळे. मी ऑगस्टमध्ये निवृत्त होते. वरच्या खोलीत परवाच टेबलं लागली, पोरं बसायलाही लागली. खरं सांगायचं तर त्यांना तिथे बसलेलं बघून बरं वाटतं.

एक राहिलं. दुसऱ्या खेपेला जळगावच्या स्टँडवर आम्ही रावेरच्या गाडीची वाट बघत होतो. तिला सगळं कळून महिना उलटला होता, पण तिनं तुला एकदाही शिवी दिलेली नव्हती. मी मनातून वाट बघत होते, ती देईल म्हणून. तिनं एकदम विचारलं, "तुहा भाऊ बरा आहे ना?"

मी म्हटलं, "बरा आहे. धुळ्याला असतो."

"त्या दिवशी अंगठा देल्यावर त्यानं मले कोर्टाबाहेर चहा पाजला," ती म्हणाली. "बिस्किटाचा पुडाबी घेऊन देला. मी घरून उपाशी निंघेल व्हती. त्याले कसं समजलं काय माहीत."

गाडी आली. तिला खिडकीची जागा मिळाली.

चारू